नस बंद केली तर रक्त जाणार कुठून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ५४. बारा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतात, दिवसाचे आठ-नऊ तास ओट्यापाशी उभ्या. डाव्या पोटरीवर दुसऱ्या बाळंतपणापासून फुगलेल्या नसा आहेत. गेल्या दीड वर्षात घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आणि रात्री खाज सुटते. उजव्या पायाला नसा दिसत नाहीत, पण जिना चढताना तो पाय दुखतो. एका ठिकाणी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून ‘दोन्ही पायांना लेझर, याच आठवड्यात उरकून टाका’ असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘मोजे घाला, बाकी काही करू नका’ म्हणून परत पाठवलं. आणि मावशींचा सवाल, नस जाळून बंद केली तर रक्त जाणार कुठून? तुम्हाला जाणून घ्यायचंय की लेझर सुरक्षित आहे का आणि केल्यावर पुन्हा होतं का.

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे, वीसेक वर्षं हेच काम करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. डाव्या पायाचा इलाज करून घ्या. या आठवड्यात नको, पण वर्षभर ढकलूही नका. उजव्या पायाला लेझर करण्याचं कारण तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत मला तरी दिसत नाही. अर्थात मी पाय पाहिलेला नाही. पाय न बघता दिलेलं मत किती ताणायचं याला मर्यादा असते, आणि कुठल्या गोष्टींनी माझं मत बदलेल तेही पुढे सांगतो.

मावशींचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरू करू. आपल्याकडे ‘नस’ हा शब्द फार घोळ घालतो. मानेत ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा ती मज्जातंतू असते, पायात ‘नस फुगली’ म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी. त्यामुळे ‘नस बंद करणार’ म्हटलं की पाय लुळा पडेल की काय, अशीच धास्ती बसते. इथे मी नस म्हणतो ती अशुद्ध रक्त पायाकडून हृदयाकडे नेणारी, पुस्तकात जिला नीला म्हणतात ती.

पायात या नीलांच्या दोन फळ्या असतात. एक खोल, स्नायूंच्या आत. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त याच वाटेने वर जातं. दुसरी वरवरची, कातडीखालच्या चरबीत. तिच्यातली मोठी नस घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेत खोल नसेला मिळते. रिपोर्टात ‘जीएसव्ही’ लिहितात ती हीच, आणि जांघेतला जोड म्हणजे ‘एसएफजे’. रक्त खालून वर चढवायचं म्हणजे पंप हवा. तो पंप म्हणजे तुमची पोटरी, आणि चढलेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून नसांमध्ये जागोजागी झडपा. घरी विहिरीवर मोटर असेल तर फूटव्हॉल्व्ह माहीत असेल. तो गळका झाला की मोटर बंद केल्याबरोबर पाइपातलं पाणी विहिरीत परत. तुमच्या आईंच्या डाव्या जांघेतला फूटव्हॉल्व्ह गेला आहे. त्या उभ्या राहिल्या की वर गेलेलं रक्त त्या एका नसेतून खाली पोटरीपर्यंत कोसळतं, तिथून खोल नसेत शिरतं, पुन्हा वर चढतं, पुन्हा कोसळतं. म्हणजे ती नस रक्त वर नेत नाहीच, उलट तेच तेच रक्त घिरट्या घालत राहतं आणि घोट्यापाशी दाब साचतो. कातडी काळी पडते ती त्या दाबामुळे बाहेर झिरपलेल्या रक्तातल्या लोहाने.

कालव्याची एखादी चारी फुटून पाणी शेतात घुसत असेल, तर ती चारी बुजवल्याने कालवा बंद पडत नाही. मावशींना हेच सांगा. जिचं काम उलटं चाललंय अशी एक चारी बुजवायची, मुख्य कालवा शाबूत आहे ना याची आधी खात्री करून. ही खात्री मात्र खरंच करावी लागते, कारण ज्यांच्या खोल नसेत पूर्वी गुठळी होऊन ती अडली आहे, त्यांच्यासाठी हीच फुगलेली वरवरची नस रक्ताची वळणवाट झालेली असते. ती बुजवली तर मावशींची भीती खरी ठरेल.

आता रिपोर्ट. तुम्ही लिहिलंय: डावीकडे जीएसव्ही मांडीत ७.८ मिमी, एसएफजेला रिफ्लक्स २.४ सेकंद, घोट्याच्या वर एक परफोरेटर (वरवरच्या आणि खोल नसेला जोडणारी जोडनस) ३.८ मिमी. उजवीकडे जीएसव्ही ३.४ मिमी, रिफ्लक्स ०.४ सेकंद, आणि खाली निष्कर्षात ‘दोन्ही बाजूंना एसएफजे इनकॉम्पिटन्स’, म्हणजे दोन्ही जांघांतल्या झडपा निकामी.

रिफ्लक्स म्हणजे पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती वेळ उलटं वाहतं. झडप मिटायला थोडा वेळ लागतोच, म्हणून वरवरच्या नसांसाठी अर्ध्या सेकंदापर्यंतचं उलटं वाहणं आम्ही धरत नाही. २.४ सेकंद म्हणजे झडप उघडीच आहे. ०.४ सेकंद म्हणजे झडप जरा सावकाश मिटते, इतकंच. उजवी नस ३.४ मिमीची, म्हणजे फुगलेलीही नाही. आकडे एक बोलतायत आणि खाली लिहिलेला निष्कर्ष दुसरं. असं कधी कधी छापील साच्यामुळे होतं. डावीकडचं वाक्य उजवीकडे चिकटतं. कधी कधी का होतं ते तुम्ही ओळखालच.

हे डॉप्लर आईंना उभं करून केलं होतं की झोपवून? हे त्यांना नक्की विचारा. आडव्या माणसाच्या झडपा तपासणं म्हणजे टाकी रिकामी असताना नळ गळतो का ते बघण्यासारखं आहे. मी स्वतः पेशंटला ठोकळ्यावर उभं करतो, वजन दुसऱ्या पायावर, आणि मशीन माझ्या हातात. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट चांगला असला तरी ज्याला सुई घालायची आहे त्याने ती नस स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिलीच पाहिजे, असा माझा हट्ट आहे.

उजवा पाय जिना चढताना दुखतो, फुगलेल्या नसा नाहीत, काळेपणा नाही. ५४ व्या वर्षी, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईंचा गुडघा जिन्यावर दुखत असेल तर मी आधी गुडघाच बघेन. नसांचं दुखणं वेगळं असतं: संध्याकाळकडे वाढणारं जडपण, पोटरी ठणकणं, पाय वर करून पडलं की अर्ध्या तासात उतरणारं. सकाळी उठल्या उठल्या पाऊल टेकवताना किंवा जिना चढताना दुखतं ते बहुधा हाडा-सांध्याचं. माझ्याकडे एक बस कंडक्टर आले होते, एका मोफत तपासणी शिबिरातून दोन्ही पायांना लेझर करून. नसा छान बंद झालेल्या, कामात खोट काढायला जागा नव्हती. पण तक्रार जशीच्या तशी, कारण ती कमरेतून येत होती. ऑपरेशन यशस्वी आणि पेशंट दुखतोच आहे, असं झालं की दोष लेझरला लागतो. दोष निदानाचा असतो.

रोमचा सेनापती मारियस, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्या दोन्ही पायांना अशा नसा होत्या. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की न बांधता, हूं की चूं न करता त्याने एका पायाच्या नसा कापून घेतल्या, आणि वैद्य दुसऱ्याकडे वळला तेव्हा नको म्हणाला. एवढ्या यातनेच्या मानाने फायदा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आता यातना नाहीत, पण दुसऱ्या पायाचा हिशेब तोच ठेवायचा.

डाव्या पायाला मात्र का करायचं ते सांगतो. आमच्याकडे या आजाराच्या पायऱ्या आहेत, सी ० ते सी ६. नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा म्हणजे सी १, फुगलेल्या नसा सी २, सूज सी ३, कातडीत बदल सी ४, भरलेली जखम सी ५ आणि उघडी जखम सी ६. काळवंडलेली, खाजणारी कातडी म्हणजे आई सी ४ वर आहेत. सी २ च्या माणसाला मी ‘त्रास असेल तर करू, नसेल तर राहू द्या’ म्हणतो आणि त्याला परत पाठवताना मला काही वाटत नाही. सी ४ ला तसं म्हणत नाही. कारण पुढची पायरी जखमेची आहे, आणि घोट्याची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ब्रिटनमध्ये अशा जखमांच्या ४५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्टी बांधून लवकर नस बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, पट्टीवरच थांबलेल्यांपैकी निम्म्यांना ८२ दिवस लागले. जखम झाल्यावरही फायदा होतो, मग होऊ देण्याची वाट कशाला बघायची?

‘मोजे घाला, काही करू नका’ हा सल्ला पंचवीस वर्षांपूर्वी अगदी रास्त होता. तेव्हा दुसरा पर्याय जांघेत चीर देऊन नस बांधणे आणि तार घालून ती उपटून काढणे, हा होता. भूल, टाके, काळी-निळी मांडी, दोन-तीन आठवडे घरी. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९० च्या सुमारास नस बांधायला सुरुवात केली आणि शंभर वर्षं आम्ही त्याच वाटेने चाललो. नसेच्या आत लेझर घालण्याचा पहिला अनुभव स्पेनमधून १९९९ मध्ये मांडला गेला, २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने क्रम लावून दिला: आधी उष्णतेने नस बंद करणं, ते जमत नसेल तर फोम (नसेत फेसाळ औषध टोचून ती बंद करणं), तेही नाही तर शस्त्रक्रिया. आणि मोजे हा उपचार म्हणून तेव्हाच द्या जेव्हा हे तिन्ही शक्य नाहीत. मोजे दाब आवरतात, झडप दुरुस्त करत नाहीत. डायोस्मिन किंवा कॅल्शियम डोबेसिलेटच्या गोळ्यांचंही तेच. जडपणा थोडा कमी होतो, झडप आहे तशीच राहते.

मग प्रत्यक्ष काय करतात? सकाळी आईंना उभं करून मी मार्करने पायावर नसा आखतो. हे काम पाच मिनिटांचं, पण माझ्या मते अर्धं ऑपरेशन तेच, कारण आडवं झोपवलं की फुगलेल्या नसा रिकाम्या होतात आणि शोधूनही सापडत नाहीत. मग टेबलावर. गुडघ्याच्या जरा खाली, सोनोग्राफीवर बघत सलाइनसारखी सुई नसेत घालायची, त्यातून तार, तारेवरून नळी, नळीतून काचेचा बारीक फायबर. तो जांघेपर्यंत न्यायचा आणि जोडाच्या साधारण २ सेंटिमीटर अलीकडे थांबवायचा. का अलीकडे? उष्णता खोल नसेपर्यंत पोचून तिथे गुठळी होऊ नये म्हणून. हे दोन सेंटिमीटर मी तीन वेळा मोजतो.

यानंतरची पायरी पेशंटला सगळ्यात जास्त आठवते. नसेच्या भोवती, गुडघ्यापासून जांघेपर्यंत, थंडगार सलाइनमध्ये बधिर करण्याचं औषध मिसळून ते टोचत जायचं. ४० सेंटिमीटरच्या नसेला ३०० ते ४०० मिली पाणी. चार-सहा टोचण्या जाणवतात, मग मांडी गार आणि घट्ट होते. सोनोग्राफीवर दिसतं ते मला आजही बघायला आवडतं: काळ्या पाण्याच्या म्यानात मधोमध एक बारीक ठिपका, तीच ती ८ मिमीची नस, आता फायबरवर आवळलेली. या पाण्याची कामं तीन. दुखू न देणं, नस फायबरला चिकटवणं, आणि उष्णता कातडीपर्यंत व बाजूच्या मज्जातंतूपर्यंत पोचू न देणं. कुणी हे पाणी घाईघाईत भरलं तर भाजणं, मुंग्या येणं, नस पुन्हा उघडणं, सगळं त्यातूनच येतं. लेझर मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारण्यापेक्षा पाणी किती शांतपणे भरतात ते जास्त महत्त्वाचं, पण ते तुम्हाला बाहेर बसून कसं कळणार, हेही खरंच.

मग सगळ्यांनी डोळ्यांना चष्मे लावायचे, आईंनीही. कातडीखाली लाल ठिपका हळूहळू खाली सरकताना दिसतो. १० वॅटवर सेंटिमीटरला सात सेकंद, म्हणजे अख्ख्या मांडीला पाच मिनिटंही लागत नाहीत. आता वापरतात तो १४७० नॅनोमीटरचा लेझर नसेच्या भिंतीतल्या पाण्यात शोषला जातो आणि फायबर गोलाकार सर्व बाजूंना उष्णता देतो. सुरुवातीचे ८१० किंवा ९८० चे लेझर प्रामुख्याने रक्त तापवत, टोक उघडं असे, त्यामुळे भिंतीला भोकं पडून नंतर बरंच दुखे. ‘माझ्या आत्याला लेझरनंतर महिनाभर दुखलं’ अशा गोष्टी ऐकाल, त्यातल्या काही त्या काळातल्या आहेत.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. लेझर मांडीतली सरळ मोठी नस बंद करतो. पोटरीवर ज्या वेटोळ्या गाठी दिसतात त्यांत फायबर शिरतच नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी म्हणायचो, वरचा नळ बंद केला की खालच्या गाठी आपोआप बसतील. काहींच्या बसायच्या. एका शाळेतल्या बाईंच्या बसल्या नाहीत. तीन महिन्यांनी येऊन साडी घोट्यावर जराशी उचलत त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पैसे घेतलेत ते कशाचे?” त्यांचं बरोबर होतं. आता मी आधीच सांगतो की गाठी वेगळ्या काढाव्या लागतील: एक तर त्याच वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून आकड्याने ओढून, टाका न घालता, किंवा नंतर फोमचं इंजेक्शन देऊन. तुम्हाला जो अंदाज दिलाय त्यात हे धरलंय का ते विचारा. आणि त्या ३.८ मिमीच्या परफोरेटरला आत्ता हात लावू नये असं मी म्हणेन. तिथे जखम झालेली नाही, आणि वरचा दाब उतरला की अशा बऱ्याच जोडनसा आपोआप लहान होतात.

लेझरच का, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा ग्लू (गोंदासारखं द्रव्य घालून नस चिकटवणं) का नाही? रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने नस बंद करणं, हे भावंडच आहे, निकाल साधारण सारखे. डॉक्टरांचा ज्यावर हात बसलाय ते घ्या. ग्लूला ते पाणी भरावं लागत नाही ही सोय, पण महाग, आणि ते द्रव्य पायात कायमचं राहतं; काहींना त्याची ॲलर्जी होऊन मांडी लाल होते. फोम स्वस्त, पण मोठ्या नसेत पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ब्रिटनमध्येच लेझर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली; २०१९ मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निकालात रुग्णांचं जगणं सुकर होण्याच्या बाबतीत लेझर आणि शस्त्रक्रिया फोमच्या पुढे होत्या. शस्त्रक्रिया कालबाह्य झाली असं म्हणणारे म्हणोत. नस फारच नागमोडी असेल, पूर्वी सूज येऊन आतून जागोजागी बुजली असेल, तर फायबर जात नाही आणि तेव्हा जुनाच हात कामाला येतो.

आता माझं मत कशाने बदलेल ते. पूर्वी कधी पाय अचानक सुजून गुठळीचं निदान झालं असेल. पावलावरची नाडी लागत नसेल (मधुमेह किंवा तंबाखू असेल तर हे आवर्जून बघायचं, कारण अशा पायाला घट्ट मोजे घालणंही धोक्याचं). रक्त गोठण्याचा घरात आजार असेल. आई फारशा चालू-फिरू शकत नसतील. किंवा दोन्ही पाय सारखे सुजत असतील, कारण मग हृदय, किडनी, थायरॉइड यांच्याकडे आधी बघावं लागतं. मासिक पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि तुम्ही चाळिशीच्या आतल्या एखाद्या गरोदर बहिणीसाठी हे वाचत असाल, तर बाळंतपणानंतर निदान तीन महिने थांबायचं. बऱ्याच नसा तेवढ्यात उतरतात.

सुरक्षित आहे का? कुणी ‘शंभर टक्के’ म्हणाला तर तिथून उठा. खोल नसेत गुठळी होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी असतं, पण शून्य नाही, म्हणून आठवडाभरात एकदा डॉप्लर करून जांघेतला जोड बघायचाच. गुडघ्याखाली मोठ्या नसेला लागून एक मज्जातंतू जातो, त्याला ऊब लागली तर घोट्याच्या आत मुंग्या किंवा बधिरपणा येतो, बहुतेकदा काही महिन्यांत जातो. मांडीवर काळे-निळे डाग येतात. आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मांडीच्या आत तार ओढल्यासारखं होतं. तो रात्री येणारा फोन मला पाठ आहे, ‘डॉक्टर, दोन दिवस बरं होतं, आज काहीतरी बिघडलं.’ बिघडलेलं नसतं, बंद झालेली नस आक्रसत असते. पण पोटरी टणक होऊन पाय सुजला, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर फोन न करता थेट दवाखान्यात.

ऑपरेशननंतर टेबलावरून उतरून अर्धा तास चालायचं, संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवसापासून घरातली कामं चालतात. पण आईंचं काम चुलीपाशी आठ तास उभं राहण्याचं, म्हणून मी त्यांना आठवडाभर केंद्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला सांगेन. श्रावण किंवा गणपतीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. ऑर्डरी सोडून त्या बसणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे. लांबचा विमानप्रवास महिनाभर टाळा.

मोज्यांबद्दल. नंतर एक-दोन आठवडे मी देतो, आणि उभ्याचं काम असणाऱ्यांना पुढेही कामाच्या वेळात घालायला सांगतो. दाबाच्या दुसऱ्या वर्गाचे (पाकिटावर ‘क्लास २’), गुडघ्यापर्यंतचे, घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून घेतलेले. औषधाच्या दुकानात मिळणारी नळीसारखी इलॅस्टिक पट्टी म्हणजे मोजा नव्हे. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालायचे, पाय सुजल्यावर नाही. पावलावर आधी एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकतो, मग बोटांकडून पिशवी ओढून घ्या. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. मे महिन्यात तव्यापाशी हे घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे, मला मान्य आहे. म्हणूनच जन्मभर मोज्यांवर राहा, असं मी सांगत नाही. ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, दर वीस मिनिटांनी पंधरा-वीस वेळा टाचा वर-खाली, रात्री पलंगाच्या पायथ्याला दोन विटा. ऑपरेशन झालं तरी हे चालू ठेवायचं.

पुन्हा होतं का? बंद केलेली नस दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांत बंदच राहते. पण ज्या शरीराने एक झडप गमावली ते दुसरीही गमावू शकतं. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या फांदीत नवी फुगलेली नस दिसली तर त्याला लेझर फेल गेला म्हणता येत नाही, तो आजार पुढे सरकला. बहुतेक वेळा फोमच्या एक-दोन इंजेक्शनांत भागतं.

पैशांचं. खासगीत एका पायाचा खर्च शहराप्रमाणे साधारण ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जातो, आणि त्यातला मोठा भाग त्या फायबरचा. फायबर एकदाच वापरायचा असतो. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर दाखवावं आणि त्यावरचं स्टिकर आईंच्या फाइलमध्ये चिकटवावं, असं सरळ सांगा; चांगला डॉक्टर रागावणार नाही. विमा असेल तर व्हेरिकोज व्हेन्सला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची वाट बघण्याची अट असते, ती तपासा. चोवीस तास दाखल राहावं लागत नाही, डे-केअरमध्ये बसतं. कागदांवर कातडीतल्या बदलांचा उल्लेख आणि फोटो असू द्या, नाहीतर ‘सौंदर्यासाठी केलं’ म्हणून दावा अडकतो. सरकारी योजनेत हे नेमकं बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. आणि डावा पाय झाल्यावर उजव्याचा निर्णय सहा महिन्यांनी, पुन्हा उभं राहून केलेल्या डॉप्लरवर. दोन्हींचं ‘पॅकेज’ आज घेऊ नका.

तुम्ही विचारलं नाही, पण हे आजच घरात सांगून ठेवा. घोट्यापाशी काळ्या कातडीवर एखादी नस निळ्या फोडासारखी वर आली असेल, तर ती कढत पाण्याने अंघोळ करताना किंवा नुसती खाजवल्याने फुटू शकते. दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. पाणी लाल झालं की कळतं, आणि चिळकांडी पाहून माणूस घाबरून उभाच राहतो. उभं राहिलं की रक्त वाढतं. स्टुलावर बसवू नका, बाहेर आणत बसू नका, तिथेच फरशीवर आडवं करा, पाय भिंतीला टेकवून उंच करा आणि स्वच्छ कापडाची घडी त्या जागेवर ठेवून अंगठ्याने दहा मिनिटं घड्याळ लावून दाबा. मधे उचलून बघू नका. वर पोटरीला दोरी किंवा ओढणी बांधू नका, त्याने जास्त वाहतं. थांबल्यावर पट्टी बांधून त्याच दिवशी दवाखान्यात या, आणि असं झालं तर मी वर म्हटलेलं ‘या आठवड्यात नको’ तेवढं विसरा.